नांगरावर रात्रभर डुलणारी बोट: आधी तोंड फिरवा, मग बाकीचे उपाय

तक्रार बहुतेकांची एकच असते. संध्याकाळी डोंगराआड बरी जागा बघून नांगर टाकला, पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. जेवणं उरकून सगळे आडवे झाले आणि रात्री दोनच्या सुमारास बोट डावी-उजवी करायला लागली. वारा जवळपास पडलेला, लाट म्हणावी तर डोळ्याला दिसत नाही. तरी फळीवरची भांडी वाजतात, डोलकाठीवर दोर आपटत राहतात, झोपलेला माणूस गादीवर इकडून तिकडे घरंगळतो. सकाळी सगळे चिडलेले आणि एखाद्याला मळमळ. पुढच्या रात्री दुसऱ्या बंदरात पुन्हा तोच प्रकार.

मुंबई ते गोवा या पट्ट्यात लहान बोट घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. इथे डोळ्यासमोर धरलेली बोट २५ ते ३५ फुटांची, एका सांगाड्याची (जोडबोट नव्हे), शिडाची किंवा लहान इंजिनाची आहे. मासेमारीच्या बोटींनाही नियम हेच, फक्त आकडे बदलतात. लोक या त्रासावर पहिला उपाय म्हणून काहीतरी विकत घ्यायला धावतात. माझं ठाम मत असं की दहातल्या बहुतेक वेळा बोटीवर आधीच असलेल्या एका जास्तीच्या दोरात काम होतं. नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करते आणि हेलकावा लाटेमुळे येतो. या दोघांच्या दिशा वेगळ्या झाल्या की बोट आडवी सापडते. म्हणून आधी बोटीचं तोंड लाटेकडे वळवायचं. ते जमलं नाही, किंवा जमूनही पुरलं नाही, तरच पुढचे उपाय बघायचे.

शांत पाण्यात लाट येते कुठून

संध्याकाळी पाणी सपाट दिसतं त्याचं कारण साधं आहे. वाऱ्याने जागच्या जागी उठवलेली बारीक लाट डोंगराने अडवलेली असते. लांबून आलेली डुलती लाट, म्हणजे स्वेल, मात्र डोंगराने अडत नाही. ती वळून आत येते.

पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ लागायला सुरुवात होते. ती मंदावते आणि उथळ भागाकडे वळते. चार सेकंदांनी येणाऱ्या बारीक लाटेची खोल समुद्रातली लांबी साधारण २५ मीटर असते, म्हणजे तिला १२-१३ मीटर पाण्यापर्यंत तळाचा पत्ताच नसतो. आठ सेकंदांची लाट १०० मीटर लांब, तिला ५० मीटर खोलीवरच तळ लागतो. चौदा सेकंदांची तर ३०० मीटरच्या पुढे जाते. लाट जितकी लांब तितकी ती आधीपासून वळायला लागते आणि तितकी डोंगराच्या टोकाला वळसा घालून आत शिरते. बाहेर ती नैर्ऋत्येकडून येत असली, तरी रत्नागिरीला रत्नदुर्गाच्या डोंगराआड मिऱ्याच्या अंगाला तुम्ही नांगरलेले असता तिथे ती वायव्येकडून, कधी जवळजवळ उत्तरेकडून पोचते.

आता वाऱ्याचं बघा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुपारी खारा वारा समुद्राकडून, बहुतेक वायव्येचा. तेव्हा बोटीचं तोंड आणि लाटेची दिशा साधारण एकच, म्हणून संध्याकाळी कोणालाच त्रास नसतो. रात्री खारा वारा पडतो. मग मधले काही तास वारा नसतोच, आणि वारा नसला की बोट स्वेलला आपोआप आडवी होत जाते. पहाटेकडे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. तो पूर्वेचा किंवा ईशान्येचा. बोट त्याच्याकडे तोंड करते आणि वायव्येची लाट तिला थेट कुशीत बसते. त्रास रात्री दोनला सुरू होतो तो या वेळापत्रकामुळे.

आपल्या किनाऱ्यावर दोन पाहुण्या लाटा असतात. एक दक्षिणेकडच्या महासागरातून आलेली, लांब, १२ ते १५ सेकंदांची किंवा त्याहून संथ. दुसरी हिवाळ्यातली, अरबस्तानाच्या बाजूच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेली, वायव्येची आणि तुलनेने आखूड. लहान बोटीला जास्त छळते ती दुसरी. लांब लाट बोटीला हळूच उचलते आणि खाली ठेवते. आखूड लाटेचा उतार तीव्र असतो, आणि तिची वेळ बोटीच्या स्वतःच्या डुलण्याच्या वेळेशी जुळण्याची शक्यताही जास्त. अगदी उथळात, लाटा फुटतात त्या रेषेच्या जवळ नांगरलात तर लांब लाटसुद्धा टोकदार होते आणि हा फरक उरत नाही. किनाऱ्याजवळ गेलो म्हणजे सुरक्षित झालो असं वाटतं. हेलकाव्यांच्या बाबतीत बऱ्याचदा मीटर-दोन मीटर जास्त पाणी असलेली जागा बरी पडते.

आधी मोजा

प्रत्येक बोटीची डुलण्याची एक स्वतःची वेळ असते. शांत पाण्यात दोघांनी कठड्यावर पाय देऊन बोट डुलवायची, मग स्थिर उभं राहून डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे अशा दहा पूर्ण हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि दहाने भागायचं. तीस फुटी बोटीत हे उत्तर साधारण तीन ते पाच सेकंदांत येतं. बोट जितकी रुंद आणि तिचं वजन जितकं खाली, तितकी ही वेळ कमी आणि हेलकावा झटक्याचा. हा आकडा बोटीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मग लाटेची वेळ मोजा. बोया किंवा रिकामा कॅन दोरीला बांधून पाण्यात सोडा, तो दहा वेळा वर यायला किती वेळ लागतो ते बघा. झोपाळ्याला प्रत्येक फेरीला धक्का दिला तर तो चढतो, आणि एक फेरी सोडून दिला तरीही चढतो. बोटीचंही तसंच: चार सेकंदांच्या बोटीला चार सेकंदांची लाट वाईट, आणि आठ सेकंदांचीही वाईट. हेलकावे वाढत वाढत जातात, मग दोन-तीन मिनिटं सगळं शांत होतं, मग पुन्हा चढतात, असं होत असेल तर वेळा जुळल्या आहेत असं समजा. स्वेल गटागटाने येते, त्यामुळे मधली शांतता फसवी असते.

तिसरी गोष्ट दिशा. रात्री ती ओळखणं अवघड, म्हणून उजेड असतानाच बघून ठेवा. खडकांच्या पायथ्याशी ओली पट्टी किती उंच चढली आहे ते पाहा. पाणी सपाट दिसत असताना खडक हातभर ओला असेल तर स्वेल आत येते आहे. वाळूवर लाट कुठल्या टोकाला आधी फुटते ते बघितलं की दिशाही कळते. आधीपासून नांगरलेल्या बोटींच्या डोलकाठ्यांची टोकं मागच्या डोंगराशी जुळवून पाच मिनिटं बघत बसा. दहा मिनिटं यात घालवायची आणि मगच नांगर सोडायचा. शेजारी धक्क्याची किंवा बंधाऱ्याची उभी भिंत असेल तर तिच्यावर आपटून लाट परत फिरते आणि दोन दिशांचे धक्के बसतात. उताराची वाळू लाट पिऊन टाकते. काँक्रीट ती परत पाठवतं. जेट्टीला चिकटून नांगरण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

पिछाडीचा दोर

हा उपाय पहिला, कारण तो फुकट आहे आणि दहा मिनिटांत होतो.

बोटीच्या लांबीच्या निदान दीडपट, शक्य तर दुप्पट लांबीचा चांगला नायलॉनचा दोर घ्या. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, या. नांगराच्या साखळीला, पाण्याच्या थोडी वर, हा दोर साखळीच्या हुकाने अडकवा. हुक नसेल तर भार आला की घट्ट बसेल आणि भार काढला की सहज सोडवता येईल अशा गाठीने बांधा. नांगर दोरावर असेल तर तीच गाठ त्या दोरावर. आता या नव्या दोराचं दुसरं टोक कठड्याच्या, खांबांच्या, शिडाच्या दोरांच्या सगळ्यांच्या बाहेरून पिछाडीपर्यंत न्या आणि मागच्या कोपऱ्यातल्या क्लीटवर (दोर बांधायच्या खुंटीवर) किंवा विंचवर (दोर ओढायच्या चरकावर) दोन वेढे द्या. मग पुढे येऊन नांगराची साखळी आणखी सहा-सात मीटर सोडा, म्हणजे गाठ बोटीपासून दूर पाण्यात जाईल. आता पिछाडीचा दोर ओढायला लागा. बोट नाळ आणि मागचा कोपरा अशा दोन ठिकाणी टांगली जाते आणि हळूहळू वळते.

कुठल्या बाजूला न्यायचा यात सगळ्यांचा गोंधळ होतो. लाट डाव्या हाताने येत असेल तर दोर उजव्या पिछाडीला, उजव्या हाताने येत असेल तर डाव्या पिछाडीला. लाटेच्या उलट बाजूला, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. उजव्या पिछाडीचा दोर ताणला की उजवी कूस नांगराकडे आणि वाऱ्याकडे येते, म्हणजे नाळ डावीकडे, लाटेकडे फिरते.

किती ओढायचा ते बोटीवर उभं राहूनच कळतं. थोडं ओढा, दोन-तीन मिनिटं थांबा, बोटीला बसू द्या. लाट नाळेवर अगदी सरळ यायला हवी असं नाही. नाळेपासून वीस-तीस अंशांच्या आत आली तरी हेलकावा बराच मोडतो. त्याऐवजी बोट पुढे-मागे थोडी डोलायला लागेल. तीस फुटांची बोट तिच्या रुंदीच्या तिप्पट लांब असते, त्यामुळे ते डोलणं संथ आणि झोपेला सोसणारं असतं.

आता याची किंमत. बोट वाऱ्याला तिरकी किंवा आडवी टांगली गेली की वाऱ्याला जास्त अंग मिळतं आणि नांगरावर भार वाढतो. मतलई वारा मंद असतो तोवर याची काळजी नको. तरी नांगर आधी इंजिन मागे चालवून नीट रुतवलेला हवा आणि साखळी पुरेशी सोडलेली हवी. हिशोब भरतीच्या पाण्याचा करायचा: ओहोटीला ४ मीटर पाणी, भरतीला त्यात २.५ मीटरची भर, नाळेची पाण्यापासूनची उंची १ मीटर, एकूण ७.५. साखळी असेल तर पाचपट, म्हणजे ३७-३८ मीटर. बहुतेक दोरच असेल तर सातपट, म्हणजे ५२-५३ मीटर. मुंबईच्या बाजूला उधाणाची भरती-ओहोटी चार-पाच मीटरची असते, तिथे हा आकडा आणखी चढतो. गोव्याकडे जाल तसा तो उतरतो.

दुसरं, पिछाडीचा दोर नेहमी मागून सोडता येईल असा बांधा. अचानक जोराचा झोत आला तर क्लीटवरून तो सोडून द्यायचा. बोट आपोआप नाळेवर येते, आणि दोर साखळीला लोंबत राहिला तरी चालतो. तो सुकाणूपाशी किंवा इंजिनाच्या पंख्याजवळ जाऊ नये म्हणून इंजिन लावण्याआधी ओढून आत घ्या. कठड्याच्या कडेवर दोर घासतो तिथे जुन्या पाण्याच्या नळीचा वीतभर तुकडा उभा चिरून बसवा. रात्रभराच्या घासण्याने चांगला नायलॉनही तंतू तंतू होतो, आणि सकाळी दोर हातात घेतला की ते पांढरे, खरखरीत केस बोटाला लागतात. असं दिसलं तर त्या टोकाचा तेवढा भाग कापून टाका.

वारा अजिबात नसेल तर हा दोर कमी कामाचा. वाऱ्याचा ताण असतो म्हणून बोट वळलेली राहते. पूर्ण शांततेत दोर ढिला पडतो आणि बोट पुन्हा कुठेही फिरते. मग पुढचा उपाय.

मागचा नांगर

पिछाडीकडून दुसरा, हलका नांगर टाकून बोट लाटेकडे तोंड करून खिळवून ठेवायची. वारा नसतानाही तोंड हलत नाही, हा त्याचा गुण. पण मासेमारी बंदरात हे करू नका. बाकी सगळ्या बोटी वारा आणि प्रवाहाबरोबर फिरणार आणि तुमची एकटी खिळलेली, म्हणजे पहाटे कोणाची तरी नाळ तुमच्या कुशीत आलीच. खाडीच्या तोंडाशी प्रवाह आडवा आला की दोन्ही नांगरांवर ताण एवढा येतो की मागचा सोडवायलाही हात पुरत नाहीत. मोकळी, एकट्याची, कमी प्रवाहाची जागा असेल तरच. नांगर लहान होडीतून नेऊन टाका आणि त्याला मुंडीकडून, म्हणजे फाळांकडच्या टोकाला, वेगळी दोरी व बोया बांधा. खडकात अडकला तर त्याच दोरीने तो उलटा ओढून निघतो.

पाण्याखालची तबकडी

तोंड फिरवूनही डुलणं उरलं, किंवा दोन दिशांच्या लाटा असल्या, तर हेलकाव्याला ब्रेक लावावा लागतो. बोटीच्या बाजूला लांब काठीवरून पाण्याखाली एक सपाट तबकडी टांगायची. ती बाजू खाली जाते तेव्हा तबकडी सहज बुडते, आणि वर उठते तेव्हा आडवी होऊन पाणी अडवते. बाजारात तयार मिळतात, घरीही करता येते.

करायला सोपा प्रकार त्रिकोणी. प्रत्येक बाजू १ मीटर घेतली तर क्षेत्रफळ ०.४३ चौरस मीटर भरतं. तीस फुटी बोटीला एवढं पुरतं. अॅल्युमिनियमचा ३-४ मिलिमीटर जाड पत्रा घ्या किंवा मरीन प्लायवूड. कोपरे गोल करा. तिन्ही कोपऱ्यांना भोक पाडून सारख्या लांबीच्या तीन दोऱ्या बांधा आणि वर एका कडीत एकत्र करा. एका कोपऱ्याला दोन-तीन किलो शिसं किंवा साखळीचा तुकडा लावा. प्लायवूड तरंगतं, त्याला वजन जास्त लागेल. ताण ढिला झाला की जड कोपरा खाली तोंड करून तबकडी तिरकी बुडते. ताण आला की तिन्ही दोऱ्या तिला आडवी करतात. जड कोपऱ्याची दोरी बाकीच्या दोन दोऱ्यांहून लांब झाली तर तबकडी कायम तिरकीच राहते आणि काहीच अडवत नाही. घरी केलेल्या तबकडीचा काही उपयोग होत नाही, असं कोणी म्हणालं की मी आधी या तीन दोऱ्या मोजायला सांगतो.

सगळी ताकद अंतरात आहे. बोट डुलते तेव्हा मध्यरेषेपासून दुप्पट अंतरावरची तबकडी दुप्पट वेगाने वर-खाली होते. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट. आणि तोच विरोध दुप्पट लांबीच्या भुजेवर काम करतो. एकूण परिणाम आठपट. तीन मीटर रुंद बोटीत कठड्यावरूनच टांगली तर अंतर १.५ मीटर. काठी दीड मीटर बाहेर काढली तर ३ मीटर, आणि तीच तबकडी आठपट काम करते. म्हणून कठड्याला बादल्या बांधून फारसं काही साधत नाही, उलट कड्या मात्र तुटतात.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात उलांडीच्या, म्हणजे बाजूला लांब तरंगता ओंडका जोडलेल्या, होड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अंतराचं महत्त्व वेगळं सांगायला नको. उलांडी पाण्यावर तरंगते आणि आपल्या उचलाने व वजनाने होडी सावरते, तबकडी पाण्याखाली विरोध करते. रीत वेगळी, पण दोन्हींत बोटीपासून लांब जाऊन थोड्याशा सामानात मोठं काम होतं.

काठी म्हणून शिडाची आडवी दांडी किंवा वेगळा अॅल्युमिनियमचा पाइप चालतो, चांगला भरीव वेळूही चालतो. एक दोर काठीच्या टोकापासून वर डोलकाठीला, एक पुढे, एक मागे, असे तीन ताण द्या. तबकडीचा भार वरच्या दोराने घ्यायला हवा, काठीने फक्त तो बाहेर ढकलून धरायचा. काठी नुसती कठड्यावर टेकवून खिळवली तर मोडते. वर सांगितलेल्या तबकडीवर, बोट दोन्हीकडे पंधरा अंश डुलत असताना, ४० किलोच्या आसपास ओढ येते आणि दोर ढिला पडून झटका बसला तर त्याहून बरीच जास्त. शॅकल (जोडायची उघडझाप कडी) आणि वरची कडी त्या हिशोबाने घ्या. पाण्याखाली दोन-अडीच मीटर सोडा. ओहोटीला तळाला टेकणार नाही ना हे आधी बघा. दोन्ही बाजूंना एकेक लावली तर उत्तम. एकच असेल तर ज्या बाजूला शेजारी नाही तिकडे. बाहेर आलेल्या काठीच्या टोकाला रात्री दिवा टांगा. नांगरावरचा नेहमीचा पांढरा दिवा वेगळा, तो हवाच. लहान होड्या पहाटे अंधारात अगदी जवळून जातात.

वजन आणि शीड

बोटीची स्वतःची वेळ थोडी बदलली तरी लाटेशी जुळणं सुटतं. पाण्याचे कॅन, जादा नांगर, साखळी ही जड वस्तू मध्यापासून दोन्ही कडांना सारख्या वाटून ठेवल्या तर हेलकावा संथ होतो. दांडी बाहेर काढून तिला लहान होडी टांगली तरी तोच परिणाम. वजन उंच चढवलं तरी वेळ वाढते हे खरं, पण त्याने बोटीचा तोल सावरण्याचा दम कमी होतो, म्हणून ते करू नये. तळातलं साचलेलं पाणी उपसून टाका. टाक्या अर्ध्या भरलेल्या असतील तर त्यातलं पाणी किंवा डिझेल प्रत्येक हेलकाव्याला त्या बाजूला धावतं आणि बोट जास्त कलते. दोन अर्ध्या टाक्यांपेक्षा एक भरलेली आणि एक रिकामी बरी. टाक्या दोन कडांना असतील तर मात्र बोट एका बाजूला कलणार नाही हे बघून घ्या.

मागे लावायच्या लहान शिडाची शिफारस पुष्कळ जण करतात. त्याने बोट नांगरावर इकडून तिकडे धावायची थांबते, वाऱ्याकडे तोंड स्थिर राहतं. आपला त्रास तर वाऱ्याकडे तोंड असल्याचाच आहे. तेव्हा वारा आणि लाट एका दिशेच्या असतील तरच ते लावा.

झोपायला नाळेतली जागा सगळ्यांत वाईट. बोटीच्या मध्यावर, शक्य तितकं खाली झोपा. डोलकाठीचे दोर काठीपासून लांब ओढून बांधा, भांड्यांमध्ये फडकी कोंबा. हेलकावा त्याने कमी होत नाही, पण निम्मी झोपमोड आवाजाने होते.

खाडी, फेरीबोटी आणि जागा बदलणं

जयगड, दाभोळ अशा खाड्यांच्या तोंडाशी गणित वेगळं आहे. प्रवाह जोराचा असतो तेव्हा बोट वाऱ्याचं ऐकत नाही, पाण्याचं ऐकते, आणि साधारण सहा तासांनी पूर्ण उलटी फिरते. तिथे पिछाडीचा दोर बांधून झोपलात तर पाणी फिरल्यावर तो तळाखालून सुकाणूला किंवा पंख्याला गुंडाळला जातो. तिथे दोर लावूच नका. आत सरका. पहिल्या वळणाच्या पलीकडे स्वेल बहुतेक पोचतच नाही. विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार राहत होतं, ते किल्ल्याच्या तोफांइतकंच या आतल्या शांत पाण्यामुळे. वादळाच्या इशाऱ्यावर हर्णैच्या उघड्या बंदरातल्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत जातात आणि परराज्यांतले ट्रॉलर देवगडला आत येऊन थांबतात. या बोटींचे तांडेल, म्हणजे त्या चालवणारे म्होरके, आपल्या मालमत्तेच्या काळजीने जागा निवडतात. ते ज्या कोपऱ्यात आहेत तिथे जाऊन त्यांना विचारलं तर हात दाखवून सांगतात कुठे टाका.

मुंबईत गेटवेसमोरचा त्रास बराचसा फेरीबोटींच्या लाटांचा. त्या लाटा आखूड असतात आणि नेमक्या लहान बोटीच्या वेळेशी जुळतात, म्हणून हातभर लाटेतही बोट जोरात डुलते. त्या सगळ्या दिशांनी येतात, तिथे तोंड फिरवून काही साधत नाही. तबकडी उपयोगी पडते, नाहीतर फेऱ्यांच्या वाटेपासून दूर जायचं. रात्री फेऱ्या थांबल्या की पाणी आपोआप निवतं.

निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्राचा अंदाज बघा. त्यात स्वेलची उंची, वेळ आणि दिशा वेगवेगळी दिलेली असते. नुसती उंची बघून थांबू नका. अर्ध्या मीटरची आठ सेकंदांची वायव्येची लाट आणि वायव्येला उघडी किनाऱ्याची खोबण, एवढं जुळलं की त्या जागी रात्र वाईट जाणार हे दुपारीच कळतं. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडून उंच स्वेलचे इशारे येतात. केरळात ज्याला कल्लक्कडल म्हणतात तो हाच प्रकार, आणि तो वारा नसताना येतो. असा इशारा असेल त्या दिवशी मालवणसारख्या खडकाळ, उघड्या जागी नांगरण्यापेक्षा देवगड किंवा विजयदुर्ग गाठा.

सगळं करूनही बोट थांबत नसेल तर जागा बदला. कधीकधी त्याच खोबणीत दोनशे-तीनशे मीटर सरकल्यावर फरक पडतो, कारण वळून येणारी लाट सगळीकडे सारखी पोचत नाही. पण अंधारात अनोळखी खाडीच्या तोंडाकडे निघू नका, आणि ओहोटीत तर नाहीच. तोंडावरच्या वाळूच्या पट्टीवर बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी स्वेल समोरासमोर येतात आणि तिथे लाट उभी राहून फुटते. तोवर झोपायचे अंथरूण खाली तळावर पसरा, पाळीने एकाला जागं ठेवा, आणि उजाडल्यावर चढत्या भरतीत आत शिरा.